टेम्पलेटमध्ये काय पक्के, काय मोकळे

मोठ्या प्रमाणावर अजाइल पद्धतीने चालणाऱ्या अभियांत्रिकी प्रकल्पात सॉफ्टवेअर साधनांची मांडणी हे स्वतंत्र काम आहे, पण बहुतेक ठिकाणी ते घाईत उरकले जाते. स्केल्ड अजाइल फ्रेमवर्क म्हणजे 'सेफ'च्या एका अजाइल रिलीज ट्रेनवर ५० ते १२५ माणसे असतात. त्यांचे संघ ८ ते १२ आठवड्यांच्या प्लॅनिंग इंटरव्हलचे, म्हणजे 'पीआय'चे, नियोजन एकत्र बसून करतात. प्रत्येक संघाने वर्क आयटमचे प्रकार, स्थितींची नावे आणि परवानग्या आपापल्या परीने ठरवल्या, तर एकाचे 'डन' आणि दुसऱ्याचे 'टेस्टिंग' यांचा मेळ घालण्यातच नियोजनाचा वेळ जातो. प्रोजेक्ट टेम्पलेट या गोंधळावरचा उपाय आहे.

चांगल्या टेम्पलेटमध्ये रिकाम्या बोर्डापेक्षा बरेच काही असते. एपिक, फीचर, स्टोरी आणि एनेबलर हे प्रकार, त्यांचे आपसांतले नाते, प्रत्येकाचा वर्कफ्लो, रिलीज ट्रेन इंजिनिअर, प्रॉडक्ट मॅनेजमेंट, सिस्टिम आर्किटेक्ट अशा भूमिका व त्यांचे अधिकार, पीआय आणि त्यातल्या दोन-दोन आठवड्यांच्या आवर्तनांचे वेळापत्रक, डॅशबोर्ड, सगळे त्यात आधीच बसवलेले असते. फीचर एका पीआयमध्ये मावले पाहिजे आणि स्टोरी एका आवर्तनात, हा नियमही साधनातच उतरवता येतो. आयबीएमच्या साधनसंचात याच्याही पुढची सोय आहे: लाइफसायकल प्रोजेक्टच्या टेम्पलेटवरून गरजा, काम आणि चाचणी यांचे तीन प्रकल्प एकदम तयार होतात आणि एकमेकांना जोडलेलेच मिळतात.

उज्जैनमध्ये हा विषय आता प्रत्यक्ष कामाचा झाला आहे. येथील विक्रम उद्योगपुरीत वैद्यकीय उपकरणांचे पार्क आकाराला येत आहे, आणि आजच्या अनेक वैद्यकीय उपकरणांत सॉफ्टवेअर असते. अशा सॉफ्टवेअरला आयईसी ६२३०४ हे मानक लागू होते, जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१. गरज, तिच्याशी निगडित धोका, त्यावरचा उपाय आणि त्या उपायाची चाचणी ही साखळी ऑडिटरला अखंड दाखवता आली पाहिजे. ही साखळी शेवटच्या महिन्यात एक्सेलमध्ये जुळवायला घेतली की चुका होतात, आणि इथल्या चुका रुग्णापर्यंत पोहोचू शकतात. टेम्पलेटमध्ये धोक्याचा स्वतंत्र वर्क आयटम असेल आणि चाचणीशी दुवा जोडल्याशिवाय त्यावरचा उपाय बंदच होत नसेल, तर साखळी रोजच्या कामातच घडत जाते.

इथे एक बारकावा नेमका निसटतो. भारताच्या वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत, तर आयईसी ६२३०४मध्ये सॉफ्टवेअरचे ए, बी, सी असे तीन. दोन्हींचा आधार जोखीमच असला तरी अर्थ वेगळे आहेत. उपकरणाचा 'बी' आणि सॉफ्टवेअरचा 'बी' एक नव्हेत. टेम्पलेटमध्ये नुसता 'वर्ग' असा एकच रकाना ठेवला, तर वर्ग सीच्या सॉफ्टवेअरला लागणारे तपशीलवार डिझाइन कोणाच्या लक्षातही न येता वगळले जाईल. दोन रकाने, दोन पूर्ण नावे, आणि दोन्ही रकाने सक्तीचे: एवढी काळजी पहिल्या दिवशी घेतलीच पाहिजे.

सक्ती कुठे आणि मोकळीक कुठे, हा टेम्पलेट रचणाऱ्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न. उज्जैनच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र या सूर्यघड्याळाच्या बांधकामात त्याचे उत्तर दिसते. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झालेल्या या यंत्राची रचना जयपूर व दिल्लीच्या यंत्रांसारखीच आहे, मात्र शंकूच्या तिरप्या कडेचा कोन प्रत्येक ठिकाणी तिथल्या अक्षांशाइतका ठेवला आहे: उज्जैनला सुमारे २३ अंश, जयपूरला २७च्या आसपास. तत्त्व सगळीकडे एकच, आणि जे स्थळागणिक बदलायलाच हवे तेवढेच बदलले. ट्रेनच्या टेम्पलेटमध्येही प्रकारांची उतरंड, स्थितींचे अर्थ, धोक्याचे दुवे आणि पीआयच्या तारखा पक्क्या असाव्यात. बोर्डाची मांडणी, संघाचे लेबल, स्टोरीचे गुण मोजण्याची रीत, हे संघावर सोडावे. सगळेच कुलूपबंद केले की माणसे साधनाबाहेर चिठ्ठ्या आणि व्हॉट्सअॅपवर काम चालवू लागतात, आणि डॅशबोर्ड हिरवा दिसत राहतो.

टेम्पलेट निवडण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी, आणि दुर्दैवाने तीच फारशी तपासली जात नाही: प्रकल्प तयार झाल्यावर त्याचे टेम्पलेटशी नाते राहते की तुटते? आयबीएमच्या रॅशनल टीम कॉन्सर्ट, म्हणजे आताच्या इंजिनिअरिंग वर्कफ्लो मॅनेजमेंटमध्ये, प्रोसेस टेम्पलेटची प्रत प्रकल्पात उतरते. मूळ टेम्पलेट नंतर सुधारले तरी जुने प्रकल्प होते तसेच राहतात. तिथे प्रोसेस शेअरिंग वापरले तरच एका मुख्य प्रकल्पाची प्रक्रिया इतरांना मिळत राहते, आणि 'फायनल' अशी खूण केलेला भाग खालच्या संघांना बदलता येत नाही. अझुर डेव्हऑप्समध्ये वारसा घेणारी प्रोसेस बदलली की तिच्यावरचे सगळे प्रकल्प आपोआप बदलतात, मग बदल चुकीचा असला तरी. जिरात कंपनी-मॅनेज्ड प्रकल्पांना एकच कॉन्फिगरेशन वापरता येते. टीम-मॅनेज्ड प्रकल्पांत ते ज्याचे त्याचे वेगळे असते. नियमाधीन कामासाठी टीम-मॅनेज्ड प्रकार घेऊ नये, इतके ठामपणे म्हणता येते.

नाते टिकते त्या पद्धतीत बदलाची जबाबदारी एका ठरावीक छोट्या गटाकडे हवी. त्यात साधनांचा प्रशासक, एक रिलीज ट्रेन इंजिनिअर आणि गुणवत्ता विभागाचा माणूस असला तरी पुरे. टेम्पलेटला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि प्रत्येक बदलाचे कारण लिहून ठेवावे. आयईसी ६२३०४च्या कामात साधनांच्या मांडणीतील बदलाचीही नोंद मागितली जाते. नवी आवृत्ती आधी एकाच ट्रेनवर चालवून पाहावी. चालू ट्रेनवर बदल आणायचा तर पीआयच्या अखेरीस नवकल्पना व नियोजनासाठी राखलेले आवर्तन सोयीचे, कारण तेव्हा उघड्या स्टोरी सर्वांत कमी असतात आणि जुन्या स्थितींतून नव्या स्थितींत आयटम हलवणे हाताबाहेर जात नाही. वापरात नसलेले रकाने त्याच वेळी काढावेत, पण बंद झालेल्या आयटममधील त्यांचा मजकूर पुसू नये. उपकरण बाजारात असेपर्यंत त्याची गरज पडू शकते.