घरचे बी, पाकिटातले बी आणि मिठाचे पाणी

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी



पेरणीपूर्वी बियाण्यावर मीठ, औषध किंवा उपयुक्त जिवाणू यांचा जो संस्कार केला जातो त्यास बीजप्रक्रिया म्हणतात. बाजरीसाठी तिची शिफारस फार जुनी असली, तरी सोनगीरसारख्या पावसाच्या भरवशावरील गावात ती शिफारस नेमकी कोणत्या बियाण्यासाठी आहे, हे ठळकपणे सांगितले जाणे आवश्यक आहे.

दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाकले, की पोचट दाणे आणि अरगट या बुरशीच्या कठीण, काळपट गाठी हलक्या असल्याने वर तरंगतात; त्या काढून जाळाव्यात आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावे. या गाठी धान्यात राहिल्यास खाणाऱ्याला मळमळ, उलट्या व गुंगी येते, म्हणून हा उपाय पिकाइतकाच भाकरीच्याही हिताचा आहे. मात्र अरगटाची लागण कणीस फुलोऱ्यात असताना वाऱ्याने आलेल्या बीजाणूंमुळे होत असल्याने, एकट्या शेतकऱ्याने बी धुतले आणि शेजारच्या शिवारात गाठी तशाच पेरल्या गेल्या, तर त्याच्या कष्टांचे चीज होत नाही. हा उपाय गावाने मिळून करण्याचा आहे.

आता भेदाचा मुद्दा. संकरित बाजरीचे पाकिटातील बी बहुधा रंगीत औषधाचा लेप देऊनच येते. ते मिठाच्या पाण्यात धुतले, तर विकत घेतलेले औषध पाण्याबरोबर वाहून जाते. याउलट विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या सहकार्याने दिलेल्या, 2012 साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’सारख्या सुधारित वाणाचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते, आणि मिठाच्या पाण्याचे खरे काम तेथे आहे. हेच बी वाळल्यावर किलोमागे सहा ग्रॅम मेटॅलॅक्झिल (35 टक्के) चोळले, तर केवडा या रोगापासून रोपाचे संरक्षण होते. या रोगात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा जटांसारखा झुपका येतो, म्हणून शेतकरी त्यास गोसावी म्हणतात, आणि हे नाव कोणत्याही शास्त्रीय वर्णनापेक्षा नेमके आहे. केवड्याचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात; त्यामुळे येथे नुसते धुणे पुरत नाही. अ‍ॅझोस्पिरिलम हे नत्र स्थिर करणारे जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावावेत.

सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, आणि योगायोग असा, की बीजप्रक्रियेच्या इतिहासातही तांब्याच्या भांड्याला स्थान आहे. फ्रान्समध्ये बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाला तांब्याच्या भांड्यातील पाण्यात गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू नीट रुजत नसल्याचे दिसले, आणि 1807 साली त्याने मोरचुदाने बी प्रक्रियित करण्याचा मार्ग मांडला.

उत्पन्नाविषयी मात्र संयमाने बोलले जावे. बीजप्रक्रियेचा मुख्य लाभ रोपांची संख्या आणि कणसांचे आरोग्य राखण्यात असतो. ज्या वर्षी रोगच येत नाही, त्या वर्षी प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या शेतांत फरक दिसेलच असे नाही, आणि पेरणीनंतर पावसाने ओढ दिली तर जिवाणूही तग धरत नाहीत. वाढीव उत्पन्नाचे सरसकट आश्वासन दिले, की अशा एका वर्षाने शेतकऱ्याचा विश्वास उडतो.

म्हणून विद्यापीठास विनंती अशी, की माहितीपत्रकात घरचे बी आणि पाकिटातील बी यांच्यासाठी दोन स्वतंत्र परिच्छेद असावेत, आणि सोनगीर परिसरात प्रात्यक्षिक घेताना प्रत्येक शेतात एक पट्टी प्रक्रियेविना पेरून, दोन्हींकडील रोपे, गोसावी झालेली झाडे आणि मळणीनंतरचे वजन शेतकऱ्यांकडूनच मोजून घ्यावे. फरक पडला नाही, तर तोही आकडा चावडीवर लावला जावा.

कळावे.