यंत्राला काय कळते आणि काय कळत नाही

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याकडील एका गावातून सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना त्यांचा मुलगा माझ्याकडे घेऊन आला. आजींनी जन्मात कधी विडी ओढली नाही. पण अनेक वर्षे चुलीपुढे बसून स्वयंपाक केल्याने त्यांना सीओपीडी हा फुफ्फुसाचा जुनाट विकार जडला आहे. मुलाने हौसेने आवाज न करणारे, ध्वनिकंपनांवर चालणारे नेब्युलायझर घरी आणले होते. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ उपचार नेमाने चालू होता, तरी आजींची धाप वाढतच होती.

“डॉक्टरसाहेब, मशीन तर झकास चालतंय. वाफ बी भरपूर येतीय,” मुलगा म्हणाला.

मी यंत्रातील औषधाची वाटी पाहायला मागितली. तळाशी पांढरा साका बसलेला होता. औषधाचा बराचसा भाग वाटीतच राहिला होता.

असे का झाले, हे समजण्यासाठी यंत्राचे काम पाहू. या यंत्रात सिरॅमिकची एक छोटी चकती असते. विजेचा दाब दिला की काही पदार्थ कंप पावतात. या गुणधर्माचे मूळ पिएर आणि जॅक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये लावलेल्या शोधात आहे. नेब्युलायझरमधील चकती सेकंदाला साधारण 10 ते 30 लाख वेळा थरथरते. आपल्या कानाची मर्यादा 20 हजार कंपनांची. म्हणून यंत्र मुके वाटते. या थरथरीने द्रवाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म लाटा उठतात आणि त्यांच्या शेंड्यांवरून बारीक थेंब सुटतात. ही खरे तर वाफ नव्हेच. वरंधा घाटात दिसते तसे हे धुके असते. थेंब 1 ते 5 मायक्रॉन आकाराचे असले, तरच ते श्वासनलिकांत खोलवर पोहोचतात. त्याहून मोठे थेंब बहुतांशी तोंडात व घशातच अडकतात.

झोपाळ्याला योग्य वेळी झोका दिला, तर थोड्या जोरातही तो उंच जातो. चकतीचीही अशी एक स्वतःची लय असते. द्रव तापला किंवा त्याची पातळी बदलली, की ही लय किंचित सरकते. चांगल्या यंत्रातील मंडल चकतीतून वाहणाऱ्या विजेचा अंदाज सतत घेते आणि तिच्या लयीशी जुळवून घेते. पाणी संपत आले, तर चकती कोरडी तापून तडकू नये म्हणून यंत्र आपोआप बंद होते. परिणाम पाहून कृती सुधारण्याच्या या रीतीला ‘फीडबॅक’ म्हणतात. भाकरीवर नजर ठेवून चुलीतले लाकूड मागे-पुढे सारणारी गृहिणी हेच करीत असते.

मात्र हे सारे लक्ष यंत्र स्वतःपुरते ठेवते. वाटीत कोणते औषध आहे, हे त्याला कळत नाही. आजींना दिलेले ब्युडेसोनाइड हे पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण द्रवात तरंगत असतात. ध्वनिकंपनांच्या यंत्रातून द्रवाचे धुके निघते, पण कण मागे राहतात. शिवाय अशा यंत्रात द्रव तापतो व काही औषधांना ती उष्णता सोसत नाही. ज्या यंत्रांत खाली पाणी आणि वर औषधाची वाटी असते, त्यांतील कित्येकांना खालच्या पाण्याचीच पातळी कळते. वरचे औषध संपले, तरी यंत्र खुशाल चालू राहते.

पाण्यात काय मिसळले आहे, हेही यंत्राला कळत नाही. दक्षिण कोरियात घरातील हवा दमट करणाऱ्या यंत्रांच्या पाण्यात जंतुनाशक टाकण्याची पद्धत होती. ते धुक्यावाटे फुफ्फुसांत जाऊन अनेकांचे प्राण गेले, हे 2011 मध्ये उघड झाले. म्हणून नेब्युलायझरमध्ये निलगिरीचे तेल, बाम, कापूर असे काहीही घालू नये. औषध पातळ करावयाचे असल्यास सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक सलाइनच वापरावे. साध्या पाण्याच्या धुक्याने श्वासनलिका आखडू शकतात.

यंत्र मध्येच बंद पडले, तर पातळी व स्वच्छता पाहावी. बंद करणारी सोय निकामी करू नये. प्रत्येक वेळी वाटी व मास्क धुऊन वाळवावा. स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरावी, चेहरा पुसावा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, तेव्हा पंप व स्पेसर हाताशी असावा.

रुग्णाकडे पाहण्याचे काम घरच्या माणसाचे. उपचारापूर्वी आणि नंतर मिनिटाला श्वास किती, एका दमात किती शब्द बोलता येतात, हात थरथरतात का, छातीत धडधडते का, हे वहीत लिहावे. वाक्य पुरे करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर दुसऱ्या मात्रेची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

आजींना आम्ही हवेच्या दाबावर चालणारे, घरघर करणारे साधे नेब्युलायझर दिले. महिन्याभरात त्या अंगणापर्यंत न थांबता चालू लागल्या. या प्रकरणात चूक केवळ मुलाची नव्हती. औषध मीच लिहून दिले होते. घरी यंत्र कोणते आहे, हे मात्र मी विचारले नव्हते आणि आठ दिवसांनी कसे वाटते ते कळवा, असेही सांगितले नव्हते. आता मी दोन्ही गोष्टी विसरत नाही. आपणही पुढच्या भेटीत यंत्र पिशवीत घालून आपल्या डॉक्टरांना अवश्य दाखवा.