एकाच गुरूचे शिष्य

आमच्या घरांत सध्यां योगाचे तीन संप्रदाय नांदत आहेत. वडील, ज्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणतात, पन्नास वर्षांपूर्वीं लोणावळ्यास महिनाभर राहून आले. तेव्हांपासून पहांटे उड्डियान व नौलि झाल्याखेरीज त्यांनीं चहाचा पेला तोंडास लाविलेला नाहीं. आम्ही स्वतः पुण्याच्या अय्यंगारांच्या पद्धतीचे. आमच्या खोलींत पट्टे, लांकडी ठोकळे आणि बिनपाठीची एक लोखंडी खुर्ची यांनीं पलंगाखालची सारी जागा व्यापिली आहे. धाकटी सूनबाई म्हैसूरच्या पद्धतीनें शिकून आली आहे. सकाळीं माडीवर तिची उडी पडली कीं खालीं देवघरांतील समईची ज्योत हलते.

आपापल्या वेळीं, आपापल्या सतरंजीवर चाललेला हा व्यवहार कोणाच्या आड येत नव्हता. परंतु गेल्या चैत्रांत आत्याबाईंनीं, “मलाहि कांहीं शिकवा रे, गुडघा धरूनच बसायचें का जन्मभर?” असें विचारलें, आणि तंटा उभा राहिला. आत्याबाईंचें वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी रोजची, उजवा गुडघा आखडलेला. अण्णा म्हणाले, प्रथम पोटाच्या क्रिया शिकाव्या. सूनबाईनें सूर्यनमस्कार सुचविले. आम्ही वादांत पडलों नाहीं. आम्हीं त्याहून वाईट केलें. दुपारीं घर निजलें असतां पुस्तकांतील चित्र समोर उघडून आत्याबाईंना भिंतीलगत सर्वांगासनांत उचललें! चित्रांतील माणसाची मान आणि आत्याबाईंची मान यांत जें अंतर होतें तें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढले आठ दिवस त्यांना मान वळवितां येईना. डॉक्टरांनीं केलेली आमची कानउघाडणी येथें लिहीत नाहीं. रक्तदाबाच्या वृद्ध माणसाचे पाय वर व डोकें खालीं करण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें, हें एवढें साधें ज्ञान वीस वर्षें आसनें करणाऱ्याला नसावें, याची लाज मात्र अजून वाटते.

त्या आठ दिवसांत मानेला शेक देतां देतां एक प्रश्न मनांत घोळत होता. या तिन्ही पद्धति जर एकाच शास्त्राच्या, तर त्यांचीं तोंडें तीन दिशांना कां? म्हणून त्या ज्यांनीं घडविल्या त्या आचार्यांचीं चरित्रें काढून वाचलीं. पूर्वीं आम्हीं त्यांचीं आसनें तेवढीं पाहिलीं होतीं. माणसें पाहिलीं नव्हतीं.

नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदासजी नांवाचे वृद्ध योगी राहत. त्यांच्यापाशीं जे तरुण गेले त्यांतले एक जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढले स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६). संस्कृताचे विद्वान, बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत कसलेले, अमळनेरास अध्यापन केलेले. गुरूनें दिलेली क्रिया शरीरांत नेमकें काय करते, हें जाणून घेण्याचा त्यांना ध्यास लागला. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें, ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक काढलें, आणि क्ष-किरणांचें यंत्र व दाबमापक नळी घेऊन ते योग्याच्या पोटांत डोकावले. नौलि करतांना मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो आणि त्यामुळेंच बस्तिक्रियेंत पाणी आपोआप वर ओढलें जातें, हें त्यांनीं मोजून दाखविलें. त्या निर्वाताला त्यांनीं नांव दिलें तें गुरूचें, माधवदासांचें. हें वाचल्यापासून अण्णांच्या पहांटेच्या पोट हलविण्याकडे आम्ही थोडें अदबीनें पाहूं लागलों आहों.

त्याच गुरूपाशीं १९१६ सालीं दुसरा एक तरुण आला. मणिभाई हरिभाई देसाई, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजचा विद्यार्थी. पुढें हेच योगेंद्र (१८९७–१९८९) या नांवानें ओळखले गेले. यांनीं संन्यास घेतला नाहीं. १९१८ च्या डिसेंबरांत मुंबईजवळ वर्सोव्यास त्यांनीं योगसंस्था काढली, अमेरिकेस जाऊन शिकविलें, आणि परत आल्यावर १९२७ सालीं सीतादेवींशीं विवाह केला. नोकरी, मुलेंबाळें, आलागेला यांतून ज्याला जेमतेम अर्धा तास मिळतो अशा माणसासाठीं त्यांनीं आसनें निवडलीं व सोपीं केलीं. स्वतः सीतादेवींनीं १९३४ सालीं स्त्रियांच्या योगव्यायामावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. सांताक्रूझची त्यांची संस्था आजहि चालू आहे. आमच्या मतें या दांपत्याची गोष्ट आपल्या घरांतून जितकी सांगितली जावी तितकी जात नाहीं. गुरु एक, क्रिया त्याच. पण एकानें त्या प्रयोगशाळेंत नेल्या आणि दुसऱ्यानें माजघरांत.

आमच्या घरांतील उरलेल्या दोन पद्धति जिन्यावरून एकमेकींना नाकें मुरडतात. त्या दोघीहि एकाच घरच्या निघाव्या याचें नवल वाटलें. त्यांचे मूळ पुरुष तिरुमलै कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९), म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयानें १९३३ पासून जगन्मोहन राजवाड्यांत योगशाळा चालविणारे, संस्कृत शास्त्रांत पारंगत आणि स्वभावानें अत्यंत कडक. समोर राजघराण्याशीं नातें असलेलीं व इतर उसळत्या रक्ताचीं मुलें. तेव्हां शिकवणहि तशीच वेगाची, श्वासागणिक एका स्थितींतून दुसरींत उडी घेण्याची. पट्टाभि जोइस (१९१५–२००९) यांनीं तोच क्रम हयातभर सांभाळला. प्रत्येकास तीच मालिका; एक आसन साधलें कीं गुरु पुढलें देतो. सूनबाईला या ठरलेल्या क्रमाचा मोठा आधार वाटतो; दिवसभराच्या धांवपळींत तेवढा एक तास कांहीं ठरवावें लागत नाहीं, असें ती म्हणते. तें आम्हांस पटतें. पण तिनेंच सांगितलेली दुसरी गोष्टहि लिहिणें भाग आहे. जोइस यांच्या पश्चात् अनेक विद्यार्थिनींनीं, आसन सुधारण्याच्या निमित्तानें झालेल्या अनुचित स्पर्शाबद्दल उघडपणें लिहिलें, आणि २०१९ सालीं त्यांच्या नातवानेंहि त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. शिकविणाऱ्याचा हात नको वाटला तर “नको” म्हणण्याची मुभा लेकीसुनांना पहिल्याच दिवशीं असली पाहिजे. तेथें गुरुभक्तीचा संकोच आड येऊं देऊं नये.

आमच्या अय्यंगारांचें (१९१८–२०१४) सारेंच उलटें. बाळपण आजारांत गेलेलें, क्षयानें पोखरलेलें शरीर. १९३४ सालीं म्हैसूरला बहिणीच्या घरीं आले, आणि बहिणीचे यजमान तेच गुरु. १९३७ सालीं थोडें इंग्रजी येतें म्हणून सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्यास डेक्कन जिमखान्यावर शिकवावयास पाठविले गेले, ते कायमचे पुणेकर झाले. वय अठरा, मराठीचा गंध नाहीं, शिष्य वयानें व अंगानें थोराड. गुरु दूर असल्यामुळें आपल्याच दुखऱ्या सांध्यांना विचारीत त्यांना एकेक आसन शोधावें लागलें. ज्याचें शरीर सहज वळत नाहीं त्यालाच खुर्ची, दोरी, ठोकळा सुचावयाचा! १९७९ सालीं स्कूटरच्या अपघातानें खांदे व पाठ जायबंदी झाली, तेव्हां साठीच्या या आचार्यांनीं पुन्हा आरंभापासून अभ्यास केला. त्यांनीं बेल्जियमच्या ऐंशीच्या पुढल्या राणी एलिझाबेथ यांना शीर्षासन शिकविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. खरें सांगावयाचें तर तिनेंच आमचें धाडस वाढविलें होतें. त्या राणीसाहेबांजवळ अय्यंगार स्वतः उभे होते आणि आत्याबाईंजवळ आम्ही, हा फरक आमच्या हिशेबांत आला नाहीं.

पण सर्वांत विचार करावयास लाविलें तें खुद्द कृष्णम्माचार्यांनीं. म्हैसूरची योगशाळा संपल्यावर ते मद्रासेस गेले. तेथें आजारी, वृद्ध, संसारी माणसें एकेकटीं त्यांच्याकडे येऊं लागलीं, आणि या कडक गुरूनें आपलें शिकविणेंच पालटलें. माणूस पाहून आसन, त्याच्या श्वासाच्या मापानें हालचाल, असा त्यांचा क्रम झाला. त्यांचे पुत्र देशिकाचार (१९३८–२०१६) इंजिनियर झाले होते. तो व्यवसाय सोडून ते वडिलांपाशीं शिकूं लागले व १९७६ सालीं मद्रासेस वडिलांच्या नांवें योगमंदिर स्थापून त्यांनीं हीच रीत चालविली. त्यांचे ते दोघे शिष्य जन्मभर दोन वाटांनीं गेले, आणि गुरु स्वतः तिसऱ्या वाटेनें!

हें सर्व आम्हीं रात्रीं जेवणाच्या पंक्तीला सांगितलें. अण्णा इतकेंच म्हणाले, “मग आत्याबाईंकडे पाहिलें कोणी?” कोणीच पाहिलें नव्हतें. आपल्याला जें मानवलें तें तिघांनींहि पुढें केलें होतें.

शेवटीं डॉक्टरांच्या संमतीनें आमच्याच पेठेंतल्या एका बाईंना बोलाविलें. आपली पद्धति कोणती, असें आम्हीं दारांतच विचारलें. त्या हंसून म्हणाल्या, “आधीं यांना विचारूं द्या.” मग अर्धा तास त्या नुसत्या विचारीत होत्या. झोंप किती लागते, गोळी केव्हां घेतां, दिवसांतून जिना किती वेळां चढतां, पूजेला पाटावर बसतां कीं खुर्चीवर, उठतांना हात कशावर टेकतां. आत्याबाईंना इतके प्रश्न आजवर आमच्यापैकीं कोणीं विचारले नव्हते, आणि उत्तरें ऐकून आम्हांस कळलें कीं गेलें वर्षभर त्या जिना बसून उतरत होत्या.

नेमून दिलें तें फार थोडें. खुर्चीवर ताठ बसून श्वास घेत हात वर न्यावयाचे व सोडीत खालीं आणावयाचे, सहा वेळां. मग सतरंजीवर उताणें पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवावयाच्या, डोक्याखालीं घडी, दहा मिनिटें. खुर्ची आमचीच, बिनपाठीची. ती आतां आमच्या पलंगाखालून आत्याबाईंच्या खोलींत गेली आहे. मानेचें दुखणें उरलेलें नाहीं. गुडघा अजून कुरकुरतो, परंतु दिवाळीपासून त्या जिना उभ्यानें उतरतात, एक हात कठड्यावर ठेवून. परवां मात्र आम्हांस गांठून हळूच विचारीत होत्या, “तें पाय वर करायचें पुन्हां केव्हां रे?” आम्हीं सूनबाईला हांक मारली.