दोन भाषांची पाटी

आखाती देशांतल्या इंटरनॅशनल शाळेची पाटी दोन्ही बाजूंनी वाचता येते. इंग्रजी डावीकडून, अरबी उजवीकडून. पाटी रंगवणे सोपे असते. वर्गात मात्र या दोघी एका बाकावर बसल्या की एक हळूहळू कडेला सरकते, आणि ती कोणती हे मराठीचा मास्तर न बघताही सांगू शकतो!

मुळात अरब मुलाच्या भाषा दोन नव्हेत, तीन. घरात आई बोलते ती बोली; कैरोची निराळी, बैरुतची निराळी. पुस्तकांतली आणि बातम्यांतली अरबी, जिला ते 'फुस्हा' म्हणतात, ती कुणाच्याच आईची भाषा नव्हे. ती शाळेतच शिकायची. आपल्या वऱ्हाडी किंवा मालवणी पोराला पुस्तकी मराठी शिकावी लागते तसेच म्हणा ना, पण अंतर कितीतरी अधिक. त्यातून नेहमीच्या छपाईत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा नसतात. शब्द आधी ठाऊक असेल तरच तो धड वाचता येतो. ज्या भाषेला शाळेचे सर्वांत जास्त तास हवेत, तिच्याच वाट्याला अशा शाळांत बहुधा एक तास येतो. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, मधल्या सुट्टीतले भांडणही इंग्रजीत.

गणितावरून आठवले. इजिप्तच्या अरबी शाळांत समीकरण उजवीकडून डावीकडे चालते आणि 'एक्स'च्या जागी 'सीन' हे अक्षर येते. पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा, शून्य म्हणजे नुसता ठिपका!

पूर्वी तर पाटीपुरताही समतोल नव्हता. अलेक्झांड्रियात १९०२ साली निघालेल्या व्हिक्टोरिया कॉलेजात बड्या घरची मुले शिकत. जॉर्डनचे राजे हुसेन तिथलेच विद्यार्थी. त्याच्या कैरोच्या शाखेत १९४९ साली एडवर्ड सईद दाखल झाले. हाती पडलेल्या नियमावलीतला पहिलाच नियम असा की शाळेची भाषा इंग्रजी, दुसरी बोलाल तर शिक्षा. परिणाम व्हायचा तोच झाला. अरबी ही मास्तरांपासून लपण्याची जागा बनली, असे सईदांनी १९९९ साली आलेल्या आत्मकथनात नोंदवले आहे. सुएझच्या संकटानंतर इजिप्त सरकारने शाळा ताब्यात घेतली आणि व्हिक्टोरियाचे नाव पुसून 'विजय' या अर्थाचे 'नस्र' ठेवले. नाव बदलायला कितीसा वेळ लागतो? पण इंग्रजीचे नामांकित प्राध्यापक झालेल्या सईदांना अरबी नीट शिकण्यासाठी १९७२-७३ मध्ये बैरुतला गुरूपुढे बसावे लागले. तेव्हा ते सदतिशीच्या घरात होते आणि अरबी त्यांच्या घरचीच भाषा होती.

निव्वळ भाषेचा तास वाढवून हे साधत नाही, असे माझे मत. भाषेत दुसरे काही शिकवले तरच ती जगते. कतार विद्यापीठाने २०१२ साली कायदा, व्यवस्थापन हे विषय पुन्हा अरबीत आणले, ते उगाच नव्हे.

दुबईत स्थायिक झालेली माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिथल्या खाजगी शाळांत आपल्या मुलांनाही अरबी सक्तीची. हजेरीला 'हादिर' म्हणतात हे ऐकून तिची मुलगी हरखली. मग आईने तिला हिशेब, वकील, तारीख हे शब्दही अरबीच असल्याचे सांगितले. "सर, शब्द तिला ओळखीचे वाटले, पण अरबीच्या तासामुळे," असे तिने मला लिहिले. मराठीचा तास तिच्या शाळेत नाही.