सरकलेले भोक

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावी मृग जवळ आला की पेरणीयंत्रे आणि नांगर यांच्या डागडुजीची जी एकच घाई उडते, तीत घरच्या पडवीत ड्रिल मशीन मांडून बसलेल्या मिस्त्रीच्या हातून एखाद्या पट्टीतील भोक सूतभर सरकले, तर नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटते ते त्यानंतर सर्रास योजिल्या जाणाऱ्या उपायाचे. भोक कानशीने किंवा गॅसने ऐसपैस करावयाचे, वर मोठा वायसर चढवावयाचा आणि 'चालून जाईल' असा निकाल देऊन काम हातावेगळे करावयाचे, या रीतीस दुरुस्ती म्हणण्यास मी तयार नाही. अशा भोकात बोल्ट प्रत्येक हिसक्यासरशी हलतो, कड झिजवितो आणि ऐन वापशावर यंत्र शेतात अडकवितो. शिवाय लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना वसविला, तेव्हापासून लोखंडी अवजार आपल्याकडे रूढ होत गेले. त्याचा सुटा भाग भोकांसह तयार येतो, आणि सुताराने लाकूड तासून जमवून घ्यावे तशी सवलत तो देत नाही.

ड्रिलच्या टोकाशी मध्यभागी जी आडवी बोथट कड असते ती लोखंड कापीत नाही, नुसते रेटते. म्हणून पंचाचा ठिपका उथळ असला की टोक भरकटते. मात्र भोकाची पूर्ण रुंदी पडलेली नाही तोवर कसूर भरून काढता येते. ज्या अंगास केंद्र न्यावयाचे, त्या अंगाच्या उतारावर गोल तोंडाच्या छिन्नीने खाच पाडावी. तेथील विरोध घटतो आणि ड्रिल तिकडे ओढले जाते. कंपासने आधी वर्तुळ आखून ठेवले असेल तर हे सरकणे वेळीच दिसते. घाईत पहिली काट बसते ती नेमकी या आखणीवर.

भोक आरपार गेल्यावर मात्र रीमरवर भिस्त ठेवणे व्यर्थ, कारण तो जुन्याच भोकाच्या मागे जातो. जेम्स वॉटच्या वाफेच्या एंजिनाचे सिलिंडर आतून सरळ होईनात, याचे कारण पात्याच्या दांड्यास पुरेसा आधार नव्हता. जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास तो दांडा दोन्ही टोकांस धरला, तेव्हा पाते जुन्या भोकामागे न जाता आपल्या वाटेने चालले आणि ते साधले. लेथवर चार जबड्यांच्या चकात काम धरून एकधारी हत्याराने बोअरिंग करण्याचे इंगित हेच. भोकाचा व्यास वाढतो, पण केंद्र ठिकाणावर येते, आणि आत बुश ठोकून मूळ माप परत मिळविता येते. लेथ हाताशी नसेल, तर त्याच जातीच्या लोखंडाचे बूच बसवून, वेल्डिंगने पक्के करून, हळूहळू निवू देऊन व कानशीने सपाट करून नव्याने पंच मारावा. बूच पट्टीहून मऊ असेल तर ड्रिल पुन्हा मऊ बाजूकडे पळते, आणि घाईने पाण्यात बुडविलेला जोड काही पोलादांत इतका कठीण होतो की ड्रिलची धारच जाते.

यास वेळ लागतो, आणि वेळेची मजुरी देण्यास आपण नाखूष असतो. मिस्त्रीच्या आळसाविषयी पुष्कळ बोलले जाते. ट्रॅक्टर दारात फुरफुरत ठेवून त्याच्या डोक्यावर उभे राहणाऱ्या मालकाविषयी कोणी बोलत नाही. तेव्हा मालकांना विनंती एवढीच की अवजार पेरणीच्या आदल्या दिवशी न आणता उन्हाळ्यातच आणावे, आणि भोक बुजवून पुन्हा पाडल्याची मजुरी मिस्त्रीने मागितली तर ती विनातक्रार द्यावी.