दान आणि दाखला

परदेशीपुऱ्यातील आपल्या डॉक्टर मंडळींना दानाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. दाखल्याचे मात्र सांगावे लागते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० जी ने वजावट दिली ती रकमेवर. मोफत दिलेल्या औषधांवर, लसींवर नव्हे. २०१७-१८ पासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगी अमान्य ठरली. २०२१-२२ पासून तर देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे पाठवून प्रमाणपत्र देणे संस्थांवर बंधनकारक झाले. संस्थेने ते न पाठविल्यास वजावट नाकारली जाते आणि भुर्दंड देणगीदारास पडतो. अशा वेळी नोटिशीस मुदतीत उत्तर द्यावे. रागाने दानच थांबवू नये. परंतु माझ्या मते खरी जबाबदारी संस्थाचालकांची आहे. देणगी मागताना दिसणारी तत्परता विवरण पाठवितानाही दिसावी.