‘अमेरिकेला संस्कृती नाही’ म्हणणाऱ्यांस

‘अमेरिकेला संस्कृती नाही’ हे वाक्य मराठीत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की आता त्याला पुरावा मागणे उद्धटपणाचे ठरावे. व्याख्यानमालांत ते ऐकू येते, दिवाळी अंकांतील प्रवासलेखांत वाचायला मिळते, आणि वाङ्मयाच्या वर्गात चंगळवादाचा विषय निघाला की अध्यापकांच्या तोंडून सहज निसटून जाते. पुष्कळदा त्याच बोलण्यात दुसरेही एक वाक्य असते: तिथले रस्ते काय सुरेख, तिथली शिस्त काय विलक्षण, आणि आमचा मुलगा तिथे किती छान स्थिरावला आहे. ही दोन विधाने परस्परविरोधी आहेत असे बोलणाऱ्याला वाटत नाही. आम्हांलाही वाटत नाही. दोन्ही एकाच वृत्तीतून येतात, आणि त्या वृत्तीविषयीच येथे बोलायचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. परक्याने अमेरिकेविषयी जे लिहिले त्याची किंमत तो तिची स्तुती करतो की निंदा, यावर ठरत नाही. तो घरून कोणता प्रश्न घेऊन निघाला होता आणि उत्तर सापडल्यावर घरी परतून त्याला काय करावे लागणार होते, यावर ती ठरते. ज्या मतासाठी मत देणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही, ते मत कौतुकाचे असो वा तुच्छतेचे, विचार म्हणून फुकटच असते.

१८८९ या एकाच वर्षी अमेरिकेविषयी दोन पुस्तके निघाली. एक कोपनहेगनला, दुसरे मुंबईला. पहिल्याचा लेखक नॉर्वेचा क्नूट हाम्सुन. तो दोन वेळा अमेरिकेत राहून आला होता, डाकोटाच्या शेतांवर राबला होता, शिकागोत ट्रामचा कंडक्टर होता. आधुनिक अमेरिकेच्या बौद्धिक जीवनावरचे त्याचे पुस्तक विनोदी आहे, तिखट आहे, वाचनीयही आहे. त्यात अमेरिकन रंगभूमीची टर उडवली आहे, इमर्सन आणि व्हिटमन यांची हजेरी घेतली आहे, आणि कृष्णवर्णीयांविषयी जे लिहिले आहे ते आज वाचवत नाही. ‘अमेरिकेला संस्कृती नाही’ या सिद्धान्ताचे इतके सफाईदार प्रतिपादन क्वचितच झाले असेल. त्या पुस्तकातून हाम्सुनला स्वतःच्या घरात काहीही बदलायचे नव्हते. त्याला लोकशाहीचाच तिटकारा होता, आणि अमेरिका हे तो तिटकारा व्यक्त करण्याचे निमित्त होते. याच लेखकाने पुढे १९४३ साली आपले नोबेल पदक गोबेल्सला भेट दिले आणि १९४५ साली हिटलरचा गौरवपर मृत्युलेख लिहिला. पुस्तकापासून पदकापर्यंत सरळ रेषा ओढणे अन्यायाचे होईल, हे आम्ही जाणतो. पण सामान्य माणसांच्या समतेविषयीची तुच्छता दोन्हीकडे आहे, हे नाकारण्याचेही कारण नाही.

दुसरे पुस्तक पंडिता रमाबाईंचे, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात व्याख्याने देत हिंडल्या. त्यांच्यापाशी एकच प्रश्न होता: आमच्याकडच्या विधवांना, विशेषतः बालविधवांना, डोक्यावर छप्पर आणि हातात विद्या कशी मिळेल? या प्रश्नामुळे त्यांचे डोळे कुठे थांबले पाहा. शाळा, घरे, राज्यव्यवस्था आणि विशेषतः स्त्रियांच्या संघटना. स्त्रिया वर्गणी गोळा करतात, सभा भरवतात, दारूबंदीची चळवळ चालवतात, मताचा अधिकार मागतात. हे कसे घडते, याचा तपशील त्यांनी मराठी वाचकासमोर मांडला. तिथल्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय आणि वर्णद्वेष हेही त्यांनी लपवले नाही. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या आर्थिक पाठबळावर त्यांनी पुस्तकाच्याच वर्षी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदा सदन सुरू केले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुण्यात सदनावर धर्मांतराचे आरोप झाले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. अमेरिका पाहून आल्यावर माणसाला असेही काही भोगावे लागते, हे आजच्या प्रवासवर्णनकाराच्या स्वप्नातही नसते.

रमाबाई निःपक्षपाती नव्हत्या, असा आक्षेप येईल. तो खराच आहे. ज्यांच्या मदतीवर संस्था उभी राहायची त्यांच्याविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती, आणि ती पुस्तकात जागोजागी दिसते. पण निःपक्षपात हा या प्रकारच्या लेखनाचा निकष आम्हांला मान्य नाही. जोतीराव फुले यांनी अमेरिका पाहिलीही नव्हती. तरी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले होते, आणि १८७७ पर्यंत मुक्त गुलामांना मिळालेले राजकीय संरक्षणही बव्हंशी काढून घेण्यात आले. म्हणजे फुल्यांच्या मनातली अमेरिका अपुरी होती. तरीही ती अर्पणपत्रिका मराठीतील अमेरिकाविषयक लेखनात अग्रभागी ठेवली पाहिजे. शूद्रातिशूद्रांचे दास्य हे नशिबाचे किंवा धर्माचे प्रकरण नसून, जगात अन्यत्र मोडले गेले आहे अशा एका अन्यायाच्या जातीचे आहे, हे तिने एका पानात सांगितले. चुकीच्या माहितीवरही योग्य प्रश्न उभा राहू शकतो. पुरेशी माहिती असूनही प्रश्नच नसेल, तर मात्र काहीच उभे राहत नाही.

युरोपातील जुन्या प्रवाशांकडे पाहिले तरी हेच दिसते. तॉकव्हिल १८३१ मध्ये तुरुंगांचा अभ्यास करण्याच्या निमित्ताने गेला. त्याची खरी चिंता फ्रान्सची होती. सरंजामशाही गेल्यावर समाज टिकतो कसा, हे त्याला पाहायचे होते. म्हणून मेम्फिसला हिवाळ्यात मिसिसिपी ओलांडून परागंदा होणारे चॉक्टॉ लोक त्याला दिसले आणि ते त्याने लिहून ठेवले. डिकन्स १८४२ मध्ये गेला. वॉशिंग्टनमध्ये तंबाखू थुंकणाऱ्यांवर त्याने केलेला विनोद आजही हसवतो, पण त्या पुस्तकाचा जो भाग अंगावर येतो तो गुलामगिरीवरचा. त्यात पळून गेलेल्या गुलामांच्या शोधासाठी मालकांनी दिलेल्या जाहिराती एकापुढे एक मांडल्या आहेत. ही सामग्री त्याने कुठून घेतली? थिओडोर वेल्ड या अमेरिकन गुलामगिरीविरोधकाने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलनातून. परक्याने केलेली अमेरिकेवरची सर्वांत धारदार टीका अमेरिकनांकडूनच उसनी घेतलेली होती.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आमच्यावर दुसरा आक्षेप येणार तो असा: व्हिएतनाम, इराक, अबू घरेब, इतके सगळे करणाऱ्या देशाची वकिली तुम्ही कशासाठी करता? आम्ही वकिली करत नाही. या प्रत्येक प्रकरणी त्या सत्तेचा निषेध झालाच पाहिजे. पण माय लाई येथील कत्तल १९६९ मध्ये जगापुढे आणली ती सेमूर हर्श या अमेरिकन पत्रकाराने. फिलिपिन्सवरील आक्रमणानंतर साम्राज्यवादाविरुद्ध लिहीत राहिला तो मार्क ट्वेन. मेक्सिकोचे युद्ध आणि गुलामगिरी यांच्या निषेधार्थ कर न भरता १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली ती थोरोने, आणि त्याचा निबंध गांधींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. ‘संस्कृती नाही’ म्हणणाऱ्याने एवढे सांगावे, की ही माणसे कोणत्या मातीत उगवली? ब्लूज आणि जॅझ कुठून आले? फॉकनर आणि टोनी मॉरिसन कुठले? ज्या मराठीत लघुअनियतकालिकांच्या पिढीने बीट कवींशी नाते सांगितले, त्या मराठीच्या अध्यापकांनी हे वाक्य उच्चारावे, याचे आम्हांला खरोखर आश्चर्य वाटते.

दलित साहित्याचे उदाहरण तर याहून निकटचे आहे. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ड्यूईसारख्या गुरूंकडून त्यांनी लोकशाहीचा विचार घेतला. १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, ते कृष्णवर्णीयांचा अर्ज संयुक्त राष्ट्रांकडे जाणार होता त्याची प्रत मागण्यासाठी; अस्पृश्यांनाही तो मार्ग चोखाळता येईल का, हा विचार त्यामागे होता. ऑकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठीची ओळख करून दिली. ही सर्व मंडळी अमेरिकेकडे पाहत होती, पण त्यांना आरशात आपला चेहरा न्याहाळायचा नव्हता. त्यांना हत्यार हवे होते.

आता आजच्या प्रवासलेखनाकडे वळू. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांचे प्रवासवर्णन हा मराठीतील एक स्थिर वाङ्मयप्रकार झाला आहे. नायगारा, डिस्नेलँड, मॉल, गराजचे आपोआप उघडणारे दार, शेजाऱ्यांचे हसून ‘हाय’ म्हणणे. आणि अखेरीस, सारे काही आहे पण आपली कुटुंबव्यवस्था नाही, हा समारोप. हिरवळीचे वर्णन करायला आमची हरकत नाही. घरापासून दूर गेलेल्या लेकरांच्या आठवणीने त्या पानांत जी व्याकुळता येते, ती आम्ही आदराने वाचतो. हरकत आहे ती अशी, की तेच पुस्तक एखाद्या पानावर कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा उल्लेख करते, आणि तो नाक मुरडून किंवा गाडीच्या काचा वर करून केलेला असतो.

ज्या घराच्या खिडकीतून ती हिरवळ दिसते, त्या घराचा इतिहास लेखकाला ठाऊक नसतो. १९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे दार जवळजवळ बंद केले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही. थिंद अमेरिकेच्या सैन्यात राहिले होते तरीही. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, वर्षाला १०० जणांपुरते. ते खऱ्या अर्थाने उघडले १९६५ च्या कायद्याने, आणि तो कायदा १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मतदानहक्काचा कायदा यांच्याच लाटेवर आला. रस्त्यावर मार खाणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांनी तो काळ घडवला. आमच्या अभियंत्याच्या न्यू जर्सीतल्या घराचा पाया असा त्यांच्या हाडांवर उभा आहे, आणि आम्ही त्यांच्याच वस्तीतून जाताना काचा वर करतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झाले, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना अमेरिका वर्णद्वेष्टी असल्याचा एकाएकी साक्षात्कार झाला. त्या निर्णयावर टीका अवश्य व्हावी. पण जो द्वेष आपल्या व्हिसाला हात लागेपर्यंत दिसत नव्हता, त्याविषयीची आपली चीड कितपत नैतिक आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. अमेरिकेतील असे ते पहिले शहर. कॅलिफोर्नियात तशाच आशयाचे विधेयक विधिमंडळात संमत होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नाकारले, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत आपलेच लोक पुढे होते. फुल्यांनी गुलामगिरी मोडल्याबद्दल ज्या देशाला पुस्तक अर्पण केले, त्या देशाला जातीविरुद्ध कायदा करावासा वाटतो, हा आपल्याच सामानातून गेलेल्या संस्कृतीचा पुरावा आहे. ‘त्यांना संस्कृती नाही’ म्हणताना ‘आम्हांला आहे’ असे जे सुचवायचे असते, त्यात हेही मोजावे लागेल.

प्रवाशाने नेहमी एवढा भार का वाहावा, असे कुणी विचारील. वाहू नये. सहलीला जावे, आनंदाने यावे, हवे तर तेही लिहावे. फक्त सहलीवरून परतून एका संस्कृतीचा निकाल देऊ नये. निकाल द्यायचाच असेल, तर रमाबाईंसारखा एखादा प्रश्न बरोबर न्यावा आणि उत्तरासाठी पुण्यात शिव्या खाण्याची तयारी ठेवावी.

अध्यापकांना आमची एक विनंती आहे. प्रवासवर्णन शिकवताना एक वर्ष तरी रमाबाईंचे पुस्तक वर्गात वाचावे, सुधारणेच्या इतिहासातला दस्तऐवज म्हणून नव्हे, तर मराठी गद्य म्हणून, आणि शेजारी एखादे आजचे अमेरिकावर्णन ठेवावे. मग विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की या दोहोंपैकी कोणत्या लेखकाला घरी परतायची भीती वाटली असेल. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागणार नाही.